आप्तवाक्य आणि पडद्यावरील अक्षर

न्यायशास्त्राने शब्दाला प्रमाण मानले खरे. परंतु तो आप्ताचा, म्हणजे विषय जाणणाऱ्या व खरे बोलणाऱ्या माणसाचा असावा, अशी अट घातली. लहान मूल ही अट कोणी न शिकविताच पाळते. कोएनिग व हॅरिस या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चार वर्षांच्या मुलांपुढे दोघे बोलणारे ठेवले होते. एक ओळखीच्या वस्तूंची नावे बरोबर सांगे, दुसरा चुकीची. पुढे अनोळखी वस्तू आली, तेव्हा मुलांनी पहिल्याचाच शब्द मानला. मुले जात्याच भोळी असतात, हा समज म्हणूनच आम्हांस अर्धा खरा वाटतो.

मग हीच मुले पडद्यापुढे का फसतात? १९९८ साली इंटरनेटवर एक थट्टेचे संकेतस्थळ निघाले. अमेरिकेच्या वायव्य भागातील अरण्यात झाडांवर राहणारा ऑक्टोपस नामशेष होत आहे, त्याला वाचवा, असे आवाहन त्यात होते. छायाचित्रे, शास्त्रीय नाव, सारे यथासांग! नेदरलँड्समधील २७ शाळकरी मुलांना ते दाखविले, तेव्हा अवघ्या दोघांनी थाप ओळखली, असे २०१८ साली प्रसिद्ध झाले. यात नवल ते कसले? समोर माणूसच नाही, तर त्याच्या मागच्या चुका आठवणार कशा? चित्रे, मांडणी व भारदस्त शब्द हेच मग साक्षीदार होऊन बसतात. वडीलधाऱ्यांनी तरी हसू नये. २०१६ च्या नोव्हेंबरात दोन हजारांच्या नव्या नोटेत चिप असल्याचा निरोप एकमेकांस धाडणारी मंडळी काही शाळकरी नव्हती.

मोबाईल मुलांच्या हाती देऊच नये, असे काही पालक म्हणतात. हा उपाय लंगडा आहे. आज झाकलेले उद्या उघडणारच, आणि तेव्हा पारख करण्याची सवय कोठून आणावी? ‘नीट लक्ष देऊन वाचा’ हा आम्हां शाळावाल्यांचा नेहमीचा उपदेशही येथे अपुरा पडतो. ऑक्टोपसचे ते पान जितके लक्ष देऊन वाचावे तितके खरे वाटते! बातम्यांची शहानिशा करणे हाच ज्यांचा व्यवसाय, ते लोक अनोळखी पानावर रेंगाळत नाहीत, असे स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांना आढळले. ते पान तसेच सोडून, त्याचा कर्ता कोण व त्याच्याविषयी इतर काय म्हणतात, हे ते आधी पाहतात. आप्ताची चौकशी म्हणतात ती हीच. आठवड्यातील एक तास शाळांनी या चौकशीच्या सरावास द्यावा, आणि महिन्यातून एकदा त्या तासाला पालकांनाही बाकांवर बसवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.