खांब आपले, तार आपली. जोडणी मात्र केव्हा?



ऊस विकासाच्या पानावर बेणे, खत, खोडकिडा यांविषयी वाचायला मिळावे अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. परंतु गटात फिरताना वारंवार एक गोष्ट नजरेस येते. को ८६०३२ लावा की फुले २६५ लावा, सरी साडेचार फुटांची पाडा की पाच फुटांची, एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची पाळी चुकली की या सगळ्या मेहनतीवर पाणी पडते. पाणी नसल्यामुळे पाणी पडते, असा हा उलटा न्याय आहे. बरे, पिशोर, नाचनवेल, चिंचोली लिंबाजी या बाजूला प्रत्येक वेळी विहीरच आटलेली असते असे नाही. विहिरीला पाणी असते, मोटार बसवलेली असते, शेतकऱ्याने पदरचे पैसे घालून खांब उभे केलेले असतात, तारही ओढलेली असते. आणि लाईन ‘चार्ज’ झालेली नसते. तारेवर चिमण्या बसतात, खाली सुरू ऊस दुपारी पाने गुंडाळून उभा असतो.

याच विषयावर आज चार शब्द लिहितो. विषय शेतकी खात्याचा नाही असे कोणी म्हणेल. पण टनेज बुडते ते आमच्याच वहीत बुडते, सबब लिहिणे भाग आहे.

प्रथम स्वखर्चाच्या लाईनची पद्धत काय ती पाहू. आपण अर्ज करतो. शाखेचे अभियंता जागेची पाहणी करतात, एस्टिमेट होते, ते मंजुरीला वर जाते. मंजुरी आली की काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यायचे आणि वीज कंपनीला अंदाजित खर्चाच्या १.३ टक्के देखरेख आकार भरायचा. खांब, तारा, रोहित्र मान्यताप्राप्त कारखान्याचे व चाचणी झालेले लागते. काम झाल्यावर तपासणी, विद्युत निरीक्षकांची परवानगी, काम पूर्ण झाल्याचा अहवाल आणि मग जोडणी. ऐकायला सरळ आहे. यातल्या अर्जदाराच्या प्रत्येक पायरीला पैसे आणि मुदत आहे. कार्यालयाच्या पायरीला मुदत कागदावर असते, पण ती उलटली की विचारणारा कोणी नसतो. पाहणीला आलेले साहेब बदलून जातात, नवे साहेब पुन्हा पाहणी करतात. एस्टिमेट जुन्या दराचे ठरते, मग नव्या दराने पुन्हा करा. एका सभासदाने मला सांगितले की लाईन उभी राहायला पंधरा दिवस लागले आणि कागद उभा राहायला अख्खा हंगाम. कार्यालयाचे नाव मी येथे घेत नाही, कारण हे एकाच ठिकाणचे दुखणे नव्हे.

कायदा याबाबतीत मुका नाही. २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या कलम ४३ प्रमाणे अर्ज पूर्ण मिळाल्यापासून एक महिन्यात वीज देणे हे वितरण कंपनीचे कर्तव्य आहे. वाहिनी वाढवावी लागत असेल तर आयोग ठरवील त्या मुदतीत. कसूर झाल्यास दिवसाला एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्याच कलमात आहे. मुदत मोजायची ती ‘अर्ज पूर्ण झाल्यापासून’ आणि अर्ज पूर्ण केव्हा झाला हे ठरवणार कार्यालय. एक सातबारा जुना निघाला, एक सहहिस्सेदाराची सही राहिली, की घड्याळ पुन्हा शून्यावर. खरी मेख येथे आहे असे माझे मत आहे.

आता पैशाची बाजू घेऊ, कारण आपल्या घामाचा पैसा त्यात अडकलेला असतो. कोणता खर्च ग्राहकाने सोसायचा आणि कोणता कंपनीने, यावर महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २००६ साली निर्णय दिला. त्याविरुद्ध वितरण कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि तिचे अपील २०१६ साली फेटाळले गेले. दहा वर्षे गेली बघा! मध्यंतरी २००८ पासून अशी सोय झाली की ग्राहकाने खर्च करायचा आणि तो पुढे मासिक वीजबिलातून थोडा थोडा वळता करून घ्यायचा. २०२० च्या कृषिपंप धोरणातही स्वखर्चाच्या जोडणीचा परतावा बिलातूनच धरला. मोठ्या गिरणीला हे जमते, तिचे बिल लाखाचे. पाच अश्वशक्तीच्या पंपाचे बिल ते केवढे, आणि त्यातून खांबांचे पैसे फिटणार केव्हा? त्यात एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत झाली. ही सवलत चांगलीच आहे, तिच्याविषयी तक्रार नाही. पण बिलच शून्य झाल्यावर परतावा वळता करायचा कशातून? ज्याने मोफत विजेपूर्वी कर्ज काढून खांब रोवले त्याच्या हाती हा हिशेब कोणी दिलेला नाही. असा परतावा रोखीने, थेट खात्यावर, ठरलेल्या हप्त्यांनी मिळाला पाहिजे.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवतो. गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्याहून कोराडी, अकोला करीत आपल्या जिल्ह्यापर्यंत ७६५ केव्हीची पारेषण वाहिनी एका खासगी कंपनीने बांधली. तीही स्वखर्चाचीच म्हणायची. पण तिचा खर्च आयोगापुढे मांडला जातो, मंजूर होतो, राज्याच्या एकूण पारेषण आकारात मिसळतो आणि सर्व वीज ग्राहकांकडून वसूल होतो. २०११ च्या नियमांत अशा भागभांडवलावर साडेपंधरा टक्के परतावा धरलेला होता. ती वाहिनी नको होती असे मला म्हणायचे नाही. विदर्भातली वीज इकडे आणायला तार लागतेच. म्हणणे एवढेच, की मोठ्याने घातलेला पैसा भांडवल ठरतो आणि लहानाने घातलेला पैसा वर्गणी ठरते. आपली लाईन पूर्ण झाली की ती कंपनीच्या ताब्यात जाते, व्याज नाही, लाभांश नाही. वरून पुढच्या वर्षी शेजारचा त्याच रोहित्रावर येतो.

त्या शेजाऱ्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण गावातली निम्मी भांडणे इथून उठतात. ६३ केव्हीएचे रोहित्र पाच अश्वशक्तीचे दहा-अकरा पंप नीट ओढते. त्यावर रीतसर आणि आकडा टाकून मिळून पंधरा-सोळा चढले की उन्हाळ्यात ते जळणारच. जळाले की वर्गणी कोणी काढायची? ज्याने मूळ खर्च केला तो म्हणतो, रोहित्र माझ्या पैशाचे. नवा म्हणतो, रोहित्र कंपनीचे. दोघांचेही थोडे खरे आहे. ग्रामीण भागात जळालेले रोहित्र ४८ तासांत बदलून द्यावे असा दंडक आहे आणि तो कंपनीवर आहे, शेतकऱ्यावर नाही, हे पुष्कळांना ठाऊकच नाही. माझ्या मते नियम सोपा असावा. पहिल्याने लाईनवर किती खर्च केला ते कागदावर यावे आणि पुढच्या पाच वर्षांत त्या लाईनवर जो येईल त्याने आपल्या अश्वशक्तीच्या प्रमाणात हिस्सा भरावा, तो पहिल्याला मिळावा. पाटाच्या पाण्याची पाळी आपण आपसात लावतो, मग तारेचा हिस्सा का लावता येऊ नये?

वायरमनची आणि अभियंत्याची बाजूही ऐकली पाहिजे. प्रत्येकाने आपापली तार आणून फिडरला जोडायची म्हटली तर टोकाच्या गावाला दाब मिळणार नाही, सगळ्यांच्याच मोटारी जळतील. उपकेंद्राच्या रोहित्राची ताकद मर्यादित आहे. तपासणीशिवाय चार्ज केलेल्या लाईनने माणूस आणि बैल दोन्ही गेल्याचे आपण ऐकतो. म्हणून तपासणी नको असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण फिडरवर जागा किती शिल्लक आहे हे अर्जदाराला खांब रोवण्यापूर्वी कळले पाहिजे, रोवल्यावर नव्हे. प्रत्येक उपकेंद्राच्या फाटकावर एक फळा लावावा: अमुक फिडर, क्षमता इतकी, भार इतका, प्रतीक्षेत इतके अर्ज, शेवटी जोडलेला अर्ज अमुक तारखेचा. कारखान्याच्या काट्यावर ऊस नोंदणीची यादी लागते, तेव्हा तोडणीचा क्रम कोणी चोरून पुढे नेला तर दहाजण ओरडतात. यादी भिंतीवर आली की ओरडणे सोपे होते.

क्रम म्हटला की आणखी एक मुद्दा. आज ‘पहिला अर्ज, पहिली जोडणी’ हे तत्त्व आहे. कागदावर न्याय्य वाटते. पण ज्याने अर्ज करून ठेवला आणि विहीरच खोदली नाही, त्याच्या मागे तयार लाईनवाल्याने का उभे राहावे? हा प्रश्न आपल्यापुरता नाही. अमेरिकेत वीज प्रकल्पांच्या जोडणीच्या रांगा एवढ्या वाढल्या की तेथील केंद्रीय नियामक आयोगाने जुलै २०२३ मध्ये आदेश काढून ‘जो आधी तयार, त्याला आधी’ असे तत्त्व लावले, अर्ज एकेक न तपासता गटाने तपासण्याचे ठरवले आणि मुदत चुकवणाऱ्या वाहिनी कंपनीलाही दंड ठेवला. ब्रिटनमध्येही २०२५ साली नियामकाने असाच बदल मंजूर केला. त्यांची रांग मेगावॅटची, आपली अश्वशक्तीची. दुखणे एकच.

आपल्याकडे हे आता अधिक निकडीचे होणार आहे. नव्या अर्जदाराला बहुधा सौर पंपाचाच रस्ता दाखविला जातो. पाच एकरांपर्यंत ठिबकवर ऊस असेल आणि विहीर शेतातच असेल, तर माझा सल्ला सरळ आहे: खांबांच्या नादी लागू नका, सौर पंप घ्या. मात्र नदीवरून लांब पाईपलाईनने पाणी उचलणारे गट, उपसा सिंचन योजना यांना तार लागणारच. शिवाय २०१९ मध्ये आलेल्या कुसुम योजनेच्या ‘अ’ भागात शेतकऱ्याला किंवा शेतकऱ्यांच्या संस्थेला उपकेंद्रापासून पाच किलोमीटरच्या आत पडीक जमिनीवर अर्धा ते दोन मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारता येतो. त्या प्रकल्पापासून उपकेंद्रापर्यंतची ११ केव्हीची लाईन प्रकल्पधारकाने बांधायची असते. वैजापूर तालुक्यात धोंदलगावला सौर कृषी वाहिनी योजनेतला तीन मेगावॅटचा प्रकल्प २०२४ साली सुरू झाला, तो आपल्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल. उद्या आपले सभासद असा प्रकल्प करायला निघाले तर पॅनेल तयार आणि जोडणी अडलेली, व्याज मात्र चालू, ही पाळी येऊ नये. सहवीजनिर्मिती करणाऱ्या कारखान्यांनाही हे नवे नाही. दसऱ्याला बॉयलर पेटतो, लाईन पाडव्याला चार्ज झाली तर काय उपयोग?

सहकारात तारांचा कारभार झालाच नाही असेही नाही. श्रीरामपूर-राहुरी भागात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने चाळीसेक वर्षे ग्राहकांना वीज वाटली. ही ऊस पट्ट्यातलीच संस्था. तिचा परवाना २०११ साली संपला, थकबाकीचा डोंगर मागे राहिला आणि तिच्या खांब-तारांच्या वापराचे भाडे काय, यावरून प्रकरण आयोगापुढे गेले. सीमाभागात हुक्केरीची संस्था त्याच काळातली, ती अजून टिकून आहे. मुळा-प्रवरेवरून काही लोक सहकाराला नावे ठेवतात. मला त्यातून वेगळेच दिसते. थकबाकी वसूल न करणे हा एक दोष झाला. पण तार कोणाची आणि तिचा मोबदला किती, हे पहिल्याच दिवशी लिहून न ठेवल्यास शेवटी ते वकिलांना ठरवावे लागते. हीच चूक आपण प्रत्येक शेतात लहान प्रमाणात करीत आहोत.

म्हणून शेतकी खात्यामार्फत मी अशी सूचना मांडणार आहे की एका फिडरवरच्या सभासदांनी सुटे अर्ज न करता एकत्र अर्ज करावा, पाहणी एकदाच व्हावी, एस्टिमेट एकच असावे आणि आपसातला हिस्सा पाचशेच्या मुद्रांकावर लिहून मगच खांब रोवावेत. एकट्याचा कागद टेबलावर पडून राहतो, चाळीसजणांचा कागद पडून राहायला जड जातो. तरीही मुदत उलटली तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. तेथे वकील लावावाच लागतो असे नाही, स्वतः किंवा आपल्या प्रतिनिधीमार्फत म्हणणे मांडता येते. मात्र पोच नसलेल्या अर्जाची दाद तेथे लागत नाही. अर्ज दिला की पोच घ्या, साहेब ओळखीचे असले तरी घ्या.

ज्या सभासदांची स्वखर्चाची लाईन उभी आहे आणि जोडणी झालेली नाही, त्यांनी अर्जाची पोच, कोटेशन, देखरेख आकाराची पावती, ठेकेदाराचा काम पूर्ण झाल्याचा कागद आणि चालू सातबारा यांच्या झेरॉक्स प्रती गट कार्यालयात आणून द्याव्यात. परताव्याची रक्कम बिलात दिसत नसेल त्यांनी जोडणीनंतरची बिले सोबत आणावीत. सुरू लागणीची नोंद द्यायला याल तेव्हाच हे कागद आणले तर दुसरी खेप पडणार नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी, पिशोर गट