जहाज तीस वर्षांचे, तरतूद पाच वर्षांची




तीन माणसांना समुद्रात सहा हजार मीटर खोल नेऊ पाहणाऱ्या ‘मत्स्य-६०००’ पाणबुडीचे कौतुक सध्या सगळीकडे वाचायला मिळते. ते रास्तच आहे. पण जिच्या भरवशावर समुद्राचे सगळे संशोधन चालते त्या जहाजांच्या वयाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. हा विषय धानपट्ट्यातल्या माणसाने काढावा याचे नवल वाटेल, म्हणून आधी कारण सांगतो.

आमचा रोवणा, म्हणजे धानाची लावणी, बंगालच्या उपसागराच्या हाती असतो. तिथे तयार झालेले कमी दाबाचे क्षेत्र ओडिशा-छत्तीसगडमार्गे इकडे सरकले की बांध्या भरतात. नाही सरकले की पऱ्हे जागीच पिवळे पडतात. जोर जास्त झाला तर पर्लकोटा नदीला पूर येऊन गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो. हा उपसागर पावसाळ्यातही उबदार राहतो, त्यामागे नद्यांच्या गोड्या पाण्याचाही हात आहे. ते हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर थर धरते आणि खालचे गार पाणी सहजासहजी वर येऊ देत नाही. त्यात मोठा वाटा गंगा-ब्रह्मपुत्रेचा; पण वर्धा-वैनगंगेचे पाणीही प्राणहिता आणि गोदावरीतून तिथेच पोचते. या थराखाली काय चालले आहे ते समुद्रात जाऊनच मोजावे लागते. १९९९ च्या पावसाळ्यात ‘बॉबमेक्स’ मोहिमेसाठी ‘सागर कन्या’ ही संशोधन नौका उपसागरात गेली ती पावसाचे हेच गणित समजून घ्यायला.

ही ‘सागर कन्या’ १९८३ ची, जर्मनीत बांधलेली. सागरी जीवांचा अभ्यास करणारी ‘सागर संपदा’ १९८४ ची, डेन्मार्कची. दोघींनी चाळिशी ओलांडली. गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने नव्या मोठ्या जहाजाचा करार कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीशी केला तो जुलै २०२४ मध्ये. किंमत सुमारे ८४० कोटी रुपये, मुदत ४२ महिने. म्हणजे ठरल्या वेळी मिळाले तरी २०२८ उजाडेल. जुने जहाज दुरुस्तीसाठी गोदीत जास्त दिवस अडकते, सुटे भाग मिळेनासे होतात आणि मोहीम पुढे ढकलली की पावसाळा निघून जातो. हुकलेल्या पावसाळ्याचे मोजमाप पुढल्या वर्षी करता येत नाही.

दोष एखाद्या अधिकाऱ्याचा नाही, पैसा देण्याच्या पद्धतीचा आहे. हे नवे जहाज ज्यातून येते त्या ‘डीप ओशन मिशन’ला जून २०२१ मध्ये मंजुरी मिळाली: पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी. योजना पाच वर्षांची, जहाजाचे आयुष्य निदान तीस वर्षांचे. उरलेल्या पंचवीस वर्षांचे डिझेल, खलाशांचे पगार आणि त्यानंतरचे नवे जहाज कुठून येणार? आमच्याकडचे माजी मालगुजारी म्हणजे ‘मामा’ तलाव याच रीतीने गाळाने भरले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, पण दरवर्षीच्या डागडुजीची जबाबदारी कुणी धड उचलली नाही.

उपग्रह असताना जहाजे कशाला, असे काही जण विचारतात. उपग्रहाला समुद्राचा पृष्ठभाग दिसतो. पाण्यात तरंगत खाली-वर जाणारे ‘आर्गो’ फ्लोट साधारण दोन हजार मीटरपर्यंतच्या नोंदी पाठवतात, पण तळाचा चिखल वर आणत नाहीत. उपसागरातले नांगरलेले बोये टाकायला आणि दुरुस्त करायलाही जहाजच लागते. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: गडचिरोलीत नाल्यावर पूल नसताना समुद्रात कोट्यवधी कशाला? हिशेब करू. ८४० कोटी तीस वर्षांवर वाटले तर वर्षाला २८ कोटी होतात. चालवण्याचा खर्च वेगळा धरला तरी देशाला हा भार जड नाही. पूल बांधलाच पाहिजे. पण पूर कधी आणि किती येईल हे कळणे त्याच गावाच्या हिताचे आहे.

म्हणून तीन सूचना. एक, सगळ्या संशोधन जहाजांची तीस वर्षांची यादी जाहीर करावी आणि जहाज वीस वर्षांचे झाले की पुढच्याचा निर्णय घ्यावा. दोन, नव्या जहाजासाठी दरवर्षी ठरावीक रक्कम वेगळ्या निधीत टाकावी आणि चालवण्याच्या खर्चाला त्यासाठी कात्री लावू नये. तीन, पृथ्वी विज्ञान मंत्रालय, सीएसआयआर आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांची जहाजे वेगवेगळ्या खात्यांत विभागली आहेत. त्यांचे एकच वेळापत्रक करावे. अमेरिकेतील विद्यापीठे गेली पन्नास वर्षे ‘युनोल्स’ या व्यवस्थेतून असेच करतात. त्या वेळापत्रकात गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठासारख्या समुद्रापासून दूरच्या विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठीही जागा राखाव्यात.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या खासदारांनी लोकसभेत एवढेच विचारावे: प्रत्येक जहाज कोणत्या साली निवृत्त होणार, आणि त्याच्या जागी येणाऱ्यासाठी यंदा किती रुपये बाजूला काढले? उत्तर आकड्यांत यावे.

आपला,
एक धान उत्पादक व निवृत्त भूगोल शिक्षक,
सिंदेवाही (जि. चंद्रपूर)