वारंवार आजारी पडणारे बाळ आणि न विचारलेला प्रश्न

२०२० च्या महासाथीनंतर 'इम्युनिटी' हा शब्द मराठी घरांत इतका रुळला की, काढ्यापासून बिस्किटापर्यंत प्रत्येक वस्तू त्याच नावावर विकली जाऊ लागली. विरोधाभास असा की, ज्या बालकांमध्ये जन्मतःच ही शक्ती नसते वा अपुरी असते, त्यांची ओळख पटण्याच्या बाबतीत मात्र आपण फारसे पुढे सरकलेलो नाही. अशी बालके न्यूमोनिया, अतिसार वा रक्तातील जंतुसंसर्गाने दगावतात आणि मृत्यूच्या नोंदीत कारण म्हणून तेवढेच लिहिले जाते. मुळाशी काय होते, हे ना पालकांना कळते, ना डॉक्टरांना, ना शासनाला.

या बालकांचा प्रवास बहुतेकदा ठरावीक वळणांनी होतो. दुसऱ्या महिन्यात तोंडात पांढरी बुरशी येते, औषध लावले की जाते आणि पुन्हा उगवते. तिसऱ्या महिन्यात हगवण लागते. बाळसे धरण्याच्या वयात वजन थबकते. चौथ्या महिन्यात न्यूमोनिया होतो, आठ-दहा दिवस सलाइनमधून प्रतिजैविके दिली जातात, बाळ घरी येते आणि पंधरवड्यात पुन्हा रुग्णालयाची पायरी चढावी लागते. दर वेळी डॉक्टर वेगळा, कागद वेगळे. घरात वडीलधाऱ्यांची निदाने तयार असतात: दात येत आहेत, दूध बाधले, दृष्ट लागली, पाण्यात बदल झाला. यातील प्रत्येक स्पष्टीकरण सुटे घेतले तर पटण्यासारखे असते. पाच आजारांना पाच कारणे सापडली की पाचांमागे एकच कारण असू शकेल, हा विचार मागे पडतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. वारंवार आजारी पडणाऱ्या बहुसंख्य बालकांची प्रतिकारशक्ती उत्तम असते. पहिल्या दोन-तीन वर्षांत वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होणे हे नैसर्गिक आहे. पाळणाघरात जाणाऱ्या किंवा घरात शाळकरी भावंडे असलेल्या बाळाला त्याहून अधिक वेळाही होतो. दोन आजारांच्या मधल्या काळात ते बाळ खेळते, खाते, त्याचे वजन वाढते. शंका घ्यावी ती वेगळ्या लक्षणांवरून. वर्षात दोनदा न्यूमोनिया, दोन महिने प्रतिजैविके देऊनही न पडणारा फरक, त्वचेखाली वा यकृतासारख्या अवयवांत पुन्हा पुन्हा होणारे गळू, न हटणारी बुरशी, खुंटलेले वजन आणि या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे कुटुंबात पूर्वी झालेला तान्ह्या बाळाचा मृत्यू. जगभरातील बालरोगतज्ज्ञ ज्या धोक्याच्या खुणा मानतात, त्यांपैकी या प्रमुख होत.

या आजारांना जन्मजात प्रतिकारशक्तीअभाव म्हणतात. तो एक आजार नाही. जनुकीय दोषांमुळे होणारे पाचशेहून अधिक प्रकार आजवर नोंदले गेले आहेत. त्यांतील काही सौम्य, तर काही पहिल्या वाढदिवसापूर्वीच जीव घेणारे. आजार कोणत्या वयात डोके वर काढतो, यातही अर्थ असतो. आईच्या रक्तातून मिळालेली प्रतिपिंडे बाळाला साधारण सहा महिने पुरतात. म्हणून ज्याच्या शरीरात स्वतःची प्रतिपिंडेच तयार होत नाहीत, ते बाळ सहा महिने ठणठणीत असते आणि नंतर एकामागून एक संसर्गांनी गाठले जाते. ज्याच्या टी-पेशीच तयार होत नाहीत, त्याला मात्र एवढीही सवलत नसते. 'स्किड' या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा हा सर्वांत गंभीर प्रकार पहिल्या काही महिन्यांतच दिसू लागतो आणि उपचार न झाल्यास बहुधा एक-दोन वर्षांत मृत्यू ओढवतो.

यांतील काही महत्त्वाचे दोष आईकडून मुलाकडे येतात. आई स्वतः निरोगी असते आणि आजार प्रामुख्याने मुलग्यांना होतो. अशा वेळी निदानाचा धागा आईच्या माहेरी सापडतो. तिचा एखादा भाऊ वा मामा तान्हेपणी गेला होता काय, बहिणीचा मुलगा गेला काय, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आपल्या समाजात नेमके हेच सांगितले जात नाही. सुनेने माहेरच्या मृत बालकांविषयी सासरी बोलणे म्हणजे स्वतःवर ठपका ओढवून घेणे, अशी परिस्थिती अनेक घरांत आजही आहे. दुसरीकडे, नात्यात, विशेषतः मामाच्या मुलीशी, विवाह करण्याची चाल महाराष्ट्राच्या अनेक भागांत आहे. तीमुळे आई व वडील दोघांकडून एकच सदोष जनुक येण्याची शक्यता वाढते. कुटुंबाचा इतिहास हा येथे रक्तचाचणीइतकाच महत्त्वाचा पुरावा ठरतो, आणि तो मिळवण्यासाठी आईला एकटीला, विश्वासात घेऊन विचारणारा डॉक्टर लागतो.

निदानासाठी महागडी यंत्रणा लागते हा समज पूर्ण खरा नाही. पहिली शंका घेण्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी होणारी साधी रक्ततपासणी पुरते. समजा, चार महिन्यांच्या बाळाच्या अहवालात पांढऱ्या पेशी ६,५०० आणि त्यांत लिम्फोसाइट १८ टक्के आहेत. गुणाकार केला तर लिम्फोसाइटची संख्या १,१७० भरते. प्रौढ माणसासाठी हा आकडा चालण्याजोगा आहे. परंतु तान्ह्या बाळात ही संख्या नैसर्गिकरीत्याच पुष्कळ अधिक असते आणि ती तीन हजारांच्या खाली असेल तर तज्ज्ञ सावध होतात. अनेक प्रयोगशाळांच्या छापील अहवालावर सामान्य मर्यादा प्रौढांच्याच असतात, शिवाय टक्केवारी दिली जाते, संख्या नाही. परिणामी कागदावर धोक्याची खूण उमटत नाही. गंभीर आजारात ही संख्या तात्पुरती घटू शकते, म्हणून तपासणी पुन्हा करावी लागते. आणि आकडा चांगला आला म्हणून आजार नाहीच, असेही नाही. तरीही जो कागद पालकांच्या पिशवीत आधीपासूनच असतो, त्यावर एक गुणाकार करण्यास काहीच खर्च येत नाही.

या विलंबाला भारतात आणखी एक पदर आहे, तो लसीकरणाचा. क्षयरोगापासून संरक्षण देणारी बीसीजी लस आपल्याकडे जन्मतःच, बहुधा प्रसूतिगृहातून घरी जाण्यापूर्वीच दिली जाते. तोंडावाटे दिली जाणारी पोलिओची लस आणि रोटाव्हायरसची लस याही जिवंत, पण दुर्बळ केलेल्या जंतूंच्या असतात. निरोगी बाळासाठी त्या सुरक्षित व अत्यावश्यक आहेत. टी-पेशी नसलेल्या बाळाच्या शरीरात मात्र हेच दुर्बळ जंतू मोकाट वाढू शकतात. बीसीजी दिलेल्या ३४९ 'स्किड'ग्रस्त बालकांची माहिती १७ देशांतून एकत्र करून २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील ५१ टक्के बालकांना लशीमुळे गुंतागुंत झाली आणि एकतृतीयांश बालकांत जंतू सर्व शरीरभर पसरले. पहिल्या महिन्यात लस दिलेल्यांत हे प्रमाण अधिक होते.

यावरून बीसीजीलाच विरोध करणे घातक ठरेल. क्षयाचा एवढा भार वाहणाऱ्या देशात ही लस लाखो बालकांना क्षयाच्या मेंदुज्वरासारख्या गंभीर रूपांपासून वाचवते. तैवानने २०१६ मध्ये जन्मतः देण्याऐवजी पाच ते आठ महिन्यांच्या वयात बीसीजी देण्याचा निर्णय घेतला. परंतु तेथे नवजात बालकांची 'स्किड'साठी चाचणी होते आणि क्षयाचे प्रमाणही आपल्यापेक्षा पुष्कळ कमी आहे. आपल्यासाठी व्यवहार्य उपाय साधा आहे. सुई टोचण्यापूर्वी परिचारिकेने एकच प्रश्न विचारावा: या घरात किंवा आईच्या माहेरी पूर्वी तान्हे बाळ संसर्गाने दगावले आहे काय? उत्तर होकारार्थी असल्यास तपासणी होईपर्यंत जिवंत लस थांबवावी. हा प्रश्न विचारण्याची रीत आपल्या प्रसूतिगृहांत अद्याप रुजलेली नाही.

वेळेवर निदान झाले तर काय घडते, याचा पुरावा आता निर्विवाद आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने २००८ मध्ये टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर 'स्किड'ची चाचणी सुरू केली आणि २०१८ अखेर ती सर्व राज्यांत पोहोचली. त्या चाचण्यांतून हा आजार ५८ हजार जन्मांमागे एक या प्रमाणात असल्याचे दिसले. २००० ते २००९ या काळात अस्थिमज्जा वा तत्सम मूलपेशींचे प्रत्यारोपण झालेल्या २४० बालकांच्या अभ्यासात, साडेतीन महिन्यांच्या आत उपचार मिळालेल्यांपैकी ९४ टक्के बालके पाच वर्षांनंतर जिवंत होती. त्याहून मोठ्या आणि प्रत्यारोपणाच्या वेळी संसर्गाने ग्रस्त असलेल्या बालकांत हेच प्रमाण ५० टक्क्यांवर आले. आजार तोच, उपचारही तोच. फरक काही आठवड्यांचा. भारतात दरवर्षी दोन कोटींहून अधिक बालके जन्मतात. अमेरिकेतील प्रमाण धरले तरी साडेतीनशे ते चारशे बालके दरवर्षी हा आजार घेऊन येत असली पाहिजेत. नात्यातील विवाहांमुळे ही संख्या अधिकही असू शकेल. देशभर सर्व नवजात बालकांसाठी अशी चाचणी आपल्याकडे नाही.

महाराष्ट्राची स्थिती तुलनेने बरी म्हणावी लागेल. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था आहे. या आजारांच्या निदानात चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेच्या बरोबरीने तिचे नाव घेतले जाते. तेथून हाकेच्या अंतरावर वाडिया बालरुग्णालय आहे. पण हे सारे परळला. पेशींची तपासणी त्या जिवंत असेपर्यंत, म्हणजे साधारण एक-दोन दिवसांत व्हावी लागते. गडचिरोली वा नंदुरबारहून एक तर नमुना वेळेत धाडावा लागतो किंवा संसर्गाने ग्रासलेले बाळच गर्दीच्या गाडीतून न्यावे लागते. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नमुना घेऊन त्याच दिवशी रवाना करण्याची व्यवस्था उभी करणे हे नवे रुग्णालय बांधण्याहून खूपच स्वस्त आहे.

खर्चाच्या बाबतीत २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाने दार उघडले, हे मान्य करावे लागेल. 'स्किड'सारखे एकदाच्या उपचाराने बरे होऊ शकणारे आजार पहिल्या गटात, तर आयुष्यभर इम्युनोग्लोब्युलिन घ्यावे लागणारे आजार दुसऱ्या गटात घालण्यात आले. मे २०२२ मध्ये सर्व गटांसाठी साहाय्याची कमाल मर्यादा ५० लाख रुपये झाली. ही रक्कम मान्यताप्राप्त उत्कृष्टता केंद्रामार्फतच मिळते. मुंबईत केईएम हे असे केंद्र आहे. प्रत्यारोपणासाठी ही तरतूद मोठा आधार आहे. दुसऱ्या गटाचे गणित मात्र वेगळे. इम्युनोग्लोब्युलिन हे हजारो दात्यांच्या रक्तद्रवापासून बनते आणि ते दर तीन-चार आठवड्यांनी, किलोमागे साधारण ४०० ते ६०० मिलिग्रॅम या मात्रेत द्यावे लागते. सात किलोच्या बाळाला महिन्याला साडेतीन ग्रॅम पुरतात. तोच मुलगा पन्नास किलोचा झाला की पंचवीस ग्रॅम लागतात. मूल वाढावे म्हणून उपचार आणि मूल वाढले म्हणून खर्च सातपट, अशी ही कोंडी आहे. आयुष्यभराच्या उपचाराला एकदाच ठरवलेली मर्यादा कशी पुरणार, याचे उत्तर धोरणात नाही.

निदान होईपर्यंतचे आणि त्यानंतरचे घर हाही दुर्लक्षित विषय आहे. बाळाला वेगळी खोली द्या, पाहुणे टाळा, असा सल्ला दिला जातो. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहत असतील तर तो पाळायचा कसा? बारशाला नातेवाइकांना नकार द्यावा लागतो, त्यावरून रुसवेफुगवे होतात. खोकणाऱ्या आजोबांना नातवापासून दूर ठेवण्याचे काम सुनेवर येते. नोकरी बहुधा आईच सोडते.

आणि अनेक घरांत हे सारे संपल्यानंतर पुढच्या बाळाचा प्रश्न उभा राहतो. दोषी जनुक माहीत असेल तर पुढच्या गरोदरपणात अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते, किंवा जन्मानंतर लगेच बाळाचे रक्त तपासून बीसीजी थांबवता येते. जनुक कळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे आजारी बाळाचेच रक्त. मरणासन्न बाळाच्या आईवडिलांकडे दोन मिलिलीटर रक्त जपून ठेवण्याची परवानगी मागणे कोणत्याही डॉक्टरला जड जाते, आणि म्हणूनच ती बहुधा मागितली जात नाही. दोन वर्षांनी तेच जोडपे नव्या बाळाला घेऊन येते, तेव्हा पहिल्याच्या फाइलमध्ये 'न्यूमोनिया' एवढाच शब्द असतो.