परदेशातला सराव आणि रस्त्यापलीकडची शाळा

ऑस्ट्रेलियाचं सरकार 2014 पासून 'न्यू कोलंबो प्लॅन'मधून आपल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना हिंद-प्रशांत देशांत पाठवतं. यादीत भारतही आहे. जाणाऱ्यांत भावी शिक्षकही असतात; काही आठवडे ते परक्या शाळेत सराव करतात. 'आमची मुलं म्हणजे यांच्या सरावाची पाटी का?' असं काही जण चिडून विचारतात. प्रश्न रास्त आहे. फोटो काढून परतणाऱ्या पाहुण्याकडून मुलांना काहीच मिळत नाही.

पण त्या पाहुण्याला एक गोष्ट मिळते. भाषा येत नसेल तर शहाणा माणूसही वर्गात गप्प होतो, हे तो स्वतः भोगतो. उद्या मेलबर्नमध्ये घरी अरबी किंवा पंजाबी बोलणारं मूल गप्प बसलं, तर त्याला 'मठ्ठ' म्हणण्याआधी तो थांबेल.

आपले भावी शिक्षक हे कुठे शिकतात? एनसीटीईच्या 2014च्या नियमांनी बीएड दोन वर्षांचं झालं, शाळेतला सराव 20 आठवड्यांचा झाला. तरी उर्दूवाला बहुधा उर्दू शाळेतच जातो, मराठीवाला मराठी. मध्ये एक रस्ता असतो. मग उर्दू घरातलं मूल मराठी शाळेत अडखळलं की ते 'कच्चं' ठरतं. आणि आमच्या उर्दू शाळांत मराठी उरते पास होण्यापुरती. मी तीच शिकवतो, म्हणून सांगतो.

विमानाचं तिकीट कुणी मागत नाही. वीसपैकी चार आठवडे पलीकडच्या शाळेत द्या. कॉलेजांनी हे ठरवावं, आणि आम्ही उर्दूवाल्यांनी आपलं फाटक आधी उघडावं.