कॉलेजचा मेल आयडी : पत्ता तुमचा, किल्ली कोणाकडे?

फर्स्ट इयरला ॲडमिशन घेतली तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणांना कॉलेजकडून एक मेल आयडी मिळाला असेल. आधी नाव, मग रोल नंबर किंवा पीआरएनचे आकडे, मग ॲट आणि पुढे कॉलेजचं नाव. त्याचा पासवर्ड आज आठवतोय का? आठवत नसेल तर तुमच्या शेजारी बसलेल्याला विचारून बघा. त्यालाही बहुतेक आठवत नसेल.

कारण आपलं सगळं कॉलेज व्हॉट्सॲपवर चालतं. परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख, एटीकेटीचं टाइमटेबल, प्रोजेक्टचं सबमिशन, 'उद्या पहिलं लेक्चर ऑफ', सगळं ग्रुपवर येतं. सीआर मेसेज टाकतो, आपण अंगठा दाखवतो, विषय संपला. डोंबिवलीहून सकाळच्या लोकलमध्ये एका हातानं हँडल आणि दुसऱ्या हातानं फोन धरून वाचता येईल असं दुसरं आहे तरी काय? मग हा कॉलेजचा मेल हवाच कशाला?

नोटीस वाचण्यापुरता तो नसला तरी चालेल, हे मान्य. पण दोन कामं व्हॉट्सॲप करत नाही. एक, तुम्ही अमुक कॉलेजचे विद्यार्थी आहात हे बाहेरच्या जगाला पटवून देणं. दोन, तुमचं म्हणणं तारीख-वेळेसह थेट ऑफिसच्या दप्तरात पोहोचवणं. आणि गंमत म्हणजे ही दोन्ही कामं करणारा हा आयडी तुमच्या मालकीचा नाही. तो वापरायचा कसा आणि सोडायचा कसा, दोन्ही कळायला हवं.

ई-मेल आला तोच कॅम्पसमधून

आपल्या देशात ई-मेल सामान्य माणसाच्या आधी कॅम्पसवर आला. १९८६ मध्ये 'अर्नेट' नावाचा प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीला त्यात आठ संस्था होत्या आणि त्यातल्या दोन आपल्या मुंबईतल्या : पवईचं आयआयटी आणि जुहूचं एनसीएसटी. व्हीएसएनएलनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे जवळपास नऊ वर्षं ई-मेल ही शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांची गोष्ट होती. आजही 'एसी डॉट इन' किंवा 'एज्यु डॉट इन' हे शेपूट कोणालाही विकत मिळत नाही. ते शैक्षणिक संस्थांसाठी राखीव आहे आणि त्याची नोंदणी अर्नेटच करतं. म्हणूनच या शेपटाला वजन आहे. जीमेलचा पत्ता कोणीही दोन मिनिटांत काढेल, पण कॉलेजचा पत्ता कॉलेजनं दिल्याशिवाय मिळत नाही.

आता आपल्या भागाची गोची बघा. मुंबई विद्यापीठाचा पसारा मुंबई शहर-उपनगरांपासून ठाणे, पालघर, रायगड आणि थेट रत्नागिरी-सिंधुदुर्गापर्यंत. ठाण्यात आणि कल्याणमध्ये विद्यापीठाचे उपपरिसर आहेत, पण आपल्यातले बहुतेक जण शिकतात ते संलग्न कॉलेजांत. डिग्रीवर नाव विद्यापीठाचं, फी घेणार कॉलेज, आणि मेल आयडी द्यायचा की नाही हे ठरवणारंही कॉलेजच. त्यामुळे ठाण्याच्या एका कॉलेजात पहिल्याच आठवड्यात आयडी हातात पडतो, कल्याणच्या दुसऱ्या कॉलेजात तो फक्त शिक्षकांना असतो, आणि तिसरीकडे दिलेला असतो पण कोणी उघडत नाही.

बरं, विद्यापीठाच्या फॉर्ममध्ये आपण कोणता मेल टाकतो? बारावीचा निकाल लागला की स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गर्दी होते. फॉर्म भरून देणारा दादा घाईत असतो. मेल आयडी नसेल तर तो स्वतःचाच टाकतो किंवा तिथल्या तिथे एक नवा काढून देतो, ज्याचा पासवर्ड फक्त त्याला माहीत. पुढे ओटीपी त्याच पत्त्यावर जातो, पासवर्ड रिसेटची लिंकही तिथेच. स्कॉलरशिपच्या फॉर्मचीही अनेकदा तीच गत. तीन वर्षांच्या शिक्षणाची किल्ली अशी एका दुकानात राहते. तुमच्या फॉर्मवर कोणता मेल आहे, हे आज तपासा.

फुकट होतं, तोवर होतं

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि कॉलेजांनी घाईघाईत गुगल क्लासरूम, मीट सुरू केलं. एकाच वेळी शेकडो मुलांची यादी अपलोड करायची, सगळ्यांचे आयडी एका फटक्यात तयार. कॉलेजला पैसे पडत नव्हते आणि गुगल जागाही अमर्याद देत होतं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलनं या सेवेचं नाव 'वर्कस्पेस फॉर एज्युकेशन' केलं आणि सोबत सांगितलं की अमर्याद जागा बंद. जुलै २०२२ पासून एका संस्थेला सगळ्या खात्यांत मिळून १०० टीबी. आकडा मोठा वाटतो ना? गणित करा. १०० टीबी म्हणजे साधारण १ लाख जीबी. कॉलेजची १० हजार खाती असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला १० जीबी. पास होऊन गेलेल्यांची खाती तशीच ठेवली आणि आकडा ४० हजारांवर गेला, तर वाटा अडीच जीबी. तुमच्या साध्या फुकटच्या जीमेललाच १५ जीबी मिळतात! त्यामुळे जगभरातल्या विद्यापीठांनी जुन्या विद्यार्थ्यांची खाती बंद करायला किंवा त्यांची जागा कापायला सुरुवात केली.

पर्सनल जीमेल दोन वर्षं वापरलं नाही तर गुगल ते खातं काढून टाकू शकतं, हा नियम २०२३ मध्ये आला. तो कॉलेजच्या खात्यांना लागू नाही. तिथे निर्णय कॉलेजच्या ॲडमिनचा. तो पासवर्ड बदलू शकतो, खातं थांबवू शकतो, काढून टाकू शकतो आणि खात्यातला डेटा बघूही शकतो. पहिल्यांदा लॉगिन करताना जो लांबलचक मजकूर आपण न वाचता 'ॲक्सेप्ट' करतो, त्यात हे लिहिलेलं असतं. म्हणजे हा आयडी भाड्याच्या खोलीसारखा आहे. राहा, वापरा, पण दागिने तिथे ठेवू नका.

मग पणाला काय आहे?

पहिली गोष्ट, वाचायला मिळणं. केंद्रानं नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३ हजार ई-जर्नल्स. केंद्र आणि राज्य सरकारांच्या ६,३०० हून जास्त संस्थांसाठी ती आहे. एरवी एकेका पेपरला हजारो रुपये मागणारी जर्नल्स यात मोकळी होतात. पण कॅम्पसच्या वायफायवर नसाल, म्हणजे डोंबिवलीतल्या घरी रात्री अकरा वाजता प्रोजेक्ट लिहीत असाल, तर संस्थेनं दिलेलं लॉगिन लागतं. योजना दिल्लीत मंजूर झाली तरी ते लॉगिन तुमच्या लायब्ररीतूनच मिळणार. आपल्याकडची बरीच कॉलेजं खासगी संस्थांची आहेत. त्यामुळे आपलं कॉलेज यादीत आहे का आणि घरून लॉगिन कसं करायचं, हे लायब्ररीत जाऊन विचारा.

दुसरी गोष्ट, सवलती. विद्यार्थ्यांसाठीची सॉफ्टवेअर, कोडिंगची टूल्स, २०२५ मध्ये गुगलनं भारतीय विद्यार्थ्यांना वर्षभर फुकट दिलेला जेमिनीचा पेड प्लॅन, सगळीकडे आधी विचारतात की विद्यार्थी असल्याचा पुरावा दाखवा. आयकार्डाचा फोटो चालतो, पण अनेक ठिकाणी कॉलेजचा मेल असेल तर काम लगेच होतं. आयटीच्या मुलाला हे माहीत असतं. बीए मराठीच्या मुलीला कोणी सांगितलेलं नसतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे तक्रार. २०१७ आठवतंय? तुम्ही तेव्हा शाळेत असाल. मुंबई विद्यापीठानं पेपर कॉम्प्युटरवर तपासायला घेतले, निकाल महिनोन्महिने रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. एवढा मोठा घोळ रोज होत नाही. पण हॉल तिकिटावर विषय चुकणं, मार्कशीटवर 'ॲबसेंट' येणं हे चालूच असतं. मग कल्याणहून लोकल, कुर्ल्याला उतरून रिक्षा, कलिन्याला परीक्षा भवन, आणि खिडकीवर प्रश्न : 'आधी कॉलेजला कळवलं होतं का? कधी?'

त्या 'कधी'चं उत्तर मेलमध्ये असतं. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीनं तक्रार मिळाल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तक्रार मिळाली कधी हेच सांगता आलं नाही, तर ते १५ दिवस मोजणार कुठून? कायद्यानं व्हॉट्सॲपचा मेसेजही इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड होऊ शकतो, हे खरं. पण तो सरांच्या पर्सनल नंबरवर असतो, ऑफिसच्या पत्त्यावर नाही. शिवाय 'डिलीट फॉर एव्हरीवन' आहेच. जीमेलवर पाठवलेला मेल मागे घ्यायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात. पाठवणाऱ्यालाही नंतर शब्द फिरवता येत नाही.

आता करायचं काय?

फार नाही, अर्ध्या तासाचं काम आहे.

आयडी मिळाला नसेल तर ऑफिसात किंवा आयटी लॅबमध्ये मागा. मिळाला असेल आणि पासवर्ड विसरला असाल, तर ॲडमिनच तो रिसेट करून देतो. पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदला. जन्मतारीख किंवा रोल नंबर ठेवू नका, ते वर्गात सगळ्यांना माहीत असतं. रिकव्हरीला स्वतःचा नंबर द्या आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा.

फोनमधल्या जीमेल ॲपमध्ये 'ॲड अकाउंट' करून हा आयडी जोडा, म्हणजे दोन्ही खाती एकाच ॲपमध्ये दिसतील. असाइनमेंटची लिंक उघडल्यावर 'रिक्वेस्ट ॲक्सेस' आलं, तर आधी कोणत्या खात्यातून उघडलीय ते बघा. बऱ्याचदा फॉर्म कॉलेजच्या आयडीपुरता उघडा असतो आणि आपण पर्सनलमधून धडका देत बसतो.

ऑफिसला मेल करताना विषयाच्या ओळीतच मुद्दा लिहा : 'टीवायबीकॉम, सेमिस्टर ५, हॉल तिकिटावर विषय चुकला आहे.' खाली पूर्ण नाव, पीआरएन, काय हवंय ते, आणि अटॅचमेंट. मराठीत लिहिलंत तरी चालतं. ऑफिसातल्या मॅडमना इंग्रजीचा रुबाब नको असतो, पीआरएन हवा असतो.

बँक, आधार, डिजिलॉकर, नोकरीचे अर्ज यांसाठी मात्र पर्सनल मेलच द्या. कॉलेजचा आयडी उद्या बंद झाला तर ओटीपी कुठे येणार? आणि टीवायच्या शेवटच्या सेमिस्टरला सामान हलवा. गुगल टेकआउटमधून मेल आणि ड्राइव्हच्या फायली डाउनलोड होतात. कॉलेजनं तो पर्याय बंद ठेवला नसेल तर थेट पर्सनल खात्यातही कॉपी करता येतात. प्रोजेक्ट, सर्टिफिकेट, शिफारसपत्र, सगळं.

आणि कॉलेजनं?

सगळा भार मुलांवर टाकून चालणार नाही. पासवर्डची चिठ्ठी हातात दिली म्हणजे सुविधा दिली, असं होत नाही. प्रत्येक कॉलेजनं तीन गोष्टी लेखी सांगाव्यात. खातं कधीपर्यंत चालू राहील? बंद करण्याआधी किती दिवस आधी कळवणार? आणि आमचा डेटा कोण बघू शकतं? डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यातल्या जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्यानं लागू होतायत. तेव्हा हे प्रश्न आगाऊपणाचे नाहीत, कॉलेजला आज ना उद्या उत्तर द्यावंच लागणार आहे.

मग वाट कशाला बघायची? हे तीन प्रश्न प्राचार्यांना विचारा. ग्रुपवर नको, मेलवर. कॉलेजच्याच आयडीवरून.