विश्लेषण : माल तोच, मग परदेशातलं लेबल वेगळं का?

कोलकात्यात मोहरीचं तेल म्हणजे माशाच्या कालवणाचं तेल. तेच तेल न्यू जर्सीतल्या भारतीय वाणसामानाच्या दुकानात पोहोचलं की बाटलीवर सूचना दिसते, 'फक्त बाह्य वापरासाठी'. म्हणजे अंगाला चोळा, खाऊ नका. घेणाऱ्यांपैकी कित्येक जण घरी जाऊन त्याचीच फोडणी करतात, आणि हे दुकानदारालाही ठाऊक असतं.

मोहरीच्या तेलात इरुसिक अ‍ॅसिड भरपूर असतं. प्राण्यांवरच्या जुन्या प्रयोगांत त्याचा हृदयाच्या स्नायूंवर परिणाम दिसला होता. त्यामुळे अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन (एफडीए) त्याला खाद्यतेल म्हणून विकू देत नाही. भारतात ते पिढ्यान् पिढ्या खाल्लं जातं आणि इथला कायदाही त्याला खाद्यतेलच मानतो. निर्यातदारासाठी सोपा मार्ग एकच, लेबल बदलणं.

लेबल कोण ठरवतं?

माल कुठे बनला यावर नाही, तर कुठे विकला जाणार यावर लेबल ठरतं. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा नववा प्रमुख अ‍ॅलर्जीकारक पदार्थ ठरला. म्हणजे तिथे जाणाऱ्या तिळगुळाच्या पाकिटावर तिळाचा उल्लेख ठळकपणे करावाच लागतो. युरोपच्या यादीत असे १४ पदार्थ आहेत, त्यात तिळासोबत मोहरीही आहे. (संक्रांतीला आपण अख्ख्या गावाला काय वाटतो, याचा त्यांच्या अधिकाऱ्यांना धक्काच बसेल!)

उलट दिशेनंही हेच घडतं. न्हावा शेवा बंदरात उतरलेल्या विदेशी बिस्किटांवर पांढरा स्टिकर चिकटवला जातो, त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका असतो. तो स्टिकर कित्येकदा नेमका घटकांच्या यादीवरच बसलेला असतो, ही गोष्ट वेगळी.

आपलं लेबल सगळ्याच बाबतींत मागे आहे, असंही नाही. लहान बाळांचं फॉर्म्युला दूध सोडलं, तर अमेरिकेचा केंद्रीय कायदा पाकिटावर तारीख छापण्याची सक्तीच करत नाही. आपल्याकडे साध्या फरसाणाच्या पाकिटावरही तारीख लागते.

मग अडचण कुठे आहे?

रंगात. २००७ मध्ये ब्रिटनमधल्या साउदम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी काही कृत्रिम खाद्यरंग आणि मुलांमधली अतिचंचलता यांचा संबंध तपासला. पुरावा भक्कम नव्हता. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेनंच तो मर्यादित असल्याचं म्हटलं. तरीही जुलै २०१० पासून युरोपीय संघात सहा रंगांसाठी इशारा बंधनकारक झाला. मुलांच्या हालचालींवर आणि लक्ष देण्याच्या क्षमतेवर या रंगाचा विपरीत परिणाम होऊ शकतो, अशा अर्थाचं ते वाक्य. बंदी घातली नाही, फक्त एक वाक्य छापायला लावलं. ते वाक्य पाकिटावर नको म्हणून अनेक कंपन्यांनी रंगच बदलले.

यातले टार्ट्राझिन, सनसेट यलो, कारमोइझिन आणि पाँसो ४आर हे चार रंग भारतात ठरावीक मर्यादेत चालतात. त्यांचा उल्लेख लागतो, इशारा लागत नाही. म्हणजे एखाद्या कारखान्यातून गोळ्यांची एक खेप जर्मनीला आणि दुसरी जालन्याला गेली, तर इशारा फक्त जर्मन आईला वाचायला मिळणार.

कंपन्यांचं उत्तर ठरलेलं असतं, 'आम्ही स्थानिक कायदा पाळतो'. खरं आहे. इंजिनीअरिंग शिकताना आम्हीही स्पेसिफिकेशनमध्ये मागितलंय तेवढंच द्यायला शिकलो. पण ज्या उत्पादकाकडे निर्यातीसाठी ते वाक्य आधीच तयार आहे, त्यानं तेच देशी पाकिटावर छापायचं म्हटलं तर खर्च शाईपुरता. रंगाचा इशारा आणि अ‍ॅलर्जीच्या यादीत तीळ-मोहरी या दोन गोष्टी एफएसएसएआयनं सक्तीच्या कराव्यात. कंपन्या आपणहून करतील, असं वाटत नाही.

तोवर मुलांसाठी खाऊ घेताना घटकांच्या यादीत रंगांचे आकडे शोधा. युरोपात 'ई १०२' लिहितात, आपल्याकडे 'आयएनएस १०२' किंवा नुसतं १०२, रंग तोच. लक्षात ठेवायचे आकडे चार : १०२, ११०, १२२ आणि १२४.