उसाच्या हंगामात टिकेल ती गाडी

उसाचं पहिलं बिल खात्यावर पडलं की केम, जेऊर, कुर्डुवाडीच्या टपऱ्यांवर गाड्यांचा विषय निघतो. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. मग काय, ज्याची मोटारसायकल अजून ठणठणीत आहे तोही शोरूमला चक्कर मारून येतोय. या सदराकडेही फिरून फिरून तोच प्रश्न येतो: थंडीच्या दिवसांत दगा देणार नाही आणि रोजच्या वापरालाही परवडेल, अशी गाडी कोणती?

केमच्या माणसाने थंडीची काळजी करावी, हे ऐकून लडाखला नोकरी केलेला आपला फौजी हसेल. तिथे टाकीतलं डिझेल गोठतं. इंडियन ऑइलने २०१९च्या नोव्हेंबरात उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल त्या भागासाठी काढलं. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर लावणं कायद्यानेच सक्तीचं आहे, आणि कडाक्याच्या रात्री इंजिन गरम राहावं म्हणून तिकडचे लोक गाडीची वायर चक्क भिंतीतल्या प्लगला लावून झोपतात. आपल्याकडे पहाटे पारा दहा-बारावर उतरला की शेकोट्या पेटतात, एवढंच. तरीही प्रश्न विचारणारा चुकला नाही. सोलापूर जिल्ह्यात हिवाळा म्हणजे गाळप, आणि गाळपाच्या चार-पाच महिन्यांत आपले रस्ते गाडीची आणि चालवणाऱ्याची जेवढी परीक्षा घेतात तेवढी मे महिन्यातलं ४४ अंशांचं ऊनही घेत नाही.

रात्री नऊनंतर कुर्डुवाडीकडून केमकडे या, किंवा जेऊरहून टेंभुर्णीला जा. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडलेल्या. ट्रॅक्टरवर गाणी जोरात, मागे दिवा नाही. रिफ्लेक्टर असलाच तर तो उसाच्या वाढ्यांखाली झाकलेला किंवा धुळीने आंधळा झालेला. ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला. त्याच रस्त्याने ऊसतोड टोळीची टायरगाडी चाललेली असते. बैलांच्या डोळ्यांत आपल्या दिव्याचा उजेड चमकला तर नशीब, पण ते समोरून येणाऱ्यालाच दिसतं, मागून येणाऱ्याला नाही. पुढे एखादी ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी. ड्रायव्हर चाकांमागे मोठाले दगड लावतो, खूण म्हणून बाभळीची फांदी टाकतो आणि टायर काढून गावात जातो. सकाळी ट्रॉली निघून जाते. दगड आणि फांदी तिथेच राहतात.

माझ्या मते या भागातल्या माणसाने गाडी निवडताना आधी हा रस्ता डोळ्यांपुढे आणावा. मायलेज, टचस्क्रीन, सनरूफ नंतर. (सनरूफवाल्याने मे महिन्यात भर दुपारी केमच्या चौकात ते उघडून दहा मिनिटं बसून दाखवावं, मग बोलू.)

हल्ली गाडीचे स्टार विचारण्याची चांगली सवय लोकांना लागली आहे. भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं आणि पाच स्टारवाल्या गाड्या खेड्यातही खपू लागल्या. सहा एअरबॅग, एबीएस, मजबूत सांगाडा हे सगळं हवंच. पण ती चाचणी कशी होते तेही समजून घ्या. गाडी ताशी ६४ किलोमीटरने एका अडथळ्यावर आदळवतात, आणि तो अडथळा बंपरच्या उंचीवर असतो. ट्रॉलीची मागची चौकट बॉनेटच्या उंचीवर येते, बाहेर आलेला ऊस थेट काचेच्या. बंपर आणि त्यामागचा सांगाडा मार घेण्याआधीच गाडी ट्रॉलीखाली शिरते. तिथे स्टार फार कामाला येत नाहीत. तिथे कामाला येतो तो दिवा, काच आणि ब्रेक.

दिव्याचा हिशोब साधा आहे. ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समोरून वाहन आलं म्हणून तुम्ही डिप्पर दिला, की साध्या दिव्यात नीट दिसणारं अंतर पन्नास-साठ मीटर. ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत त्यातले २०-२२ मीटर संपलेले असतात, आणि उरलेल्यात गाडी थांबली तर थांबली. तरीही एकाच गाडीच्या खालच्या आणि वरच्या मॉडेलमध्ये दिव्यांचा फरक असतो आणि तो गिऱ्हाईक बघतच नाही. पैसे मोजतो ते मोठ्या स्क्रीनला. मी तर म्हणेन, दोन मॉडेलच्या किमतीतला फरक चांगले दिवे आणि मागच्या काचेचं डिफॉगर यासाठी असेल तर खुशाल द्या. उजनीच्या पाणलोटाकडे, वाशिंबे-पारेवाडीच्या बाजूला, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे धुकं उतरतं तेव्हा हे डिफॉगर कळतं. पुढची काच आतून धुरकट झाली की आपण हाताने नाहीतर गमजाने पुसतो आणि तेलकट ओघळ काढून ठेवतो. त्यापेक्षा गरम हवा आणि एसी दोन्ही एकत्र लावा, हवा काचेवर सोडा. एसी हवेतला दमटपणा शोषून घेतो आणि काच मिनिटभरात स्वच्छ होते. थंडीत एसी कशाला म्हणून अनेकजण ते बटण दाबतच नाहीत. वायपरचं रबर आपल्या उन्हाळ्यात वाळून कडक झालेलं असतं, तेही दिवाळीआधी बदलून टाका. शेदोनशे रुपयांचं काम आहे.

आता ते दगड. रस्त्यात राहिलेला दगड अंधारात चुकवता आला नाही तर तो गाडीच्या पोटाला लागतो, आणि पोटाला म्हणजे बहुतेक वेळा इंजिन ऑइलच्या चेंबरला. म्हणून जमिनीपासूनची उंची बघायची. १७० मिलिमीटरच्या खाली उंची असलेली गाडी आपल्याकडे घेऊ नये, असं मला वाटतं. पाच माणसं आणि मागे दोन पोती टाकल्यावर ती उंची आणखी कमी होते, हे कागदावर लिहिलेलं नसतं. बोलेरोची उंची १८० आहे. २००० साली आलेली ही गाडी, दिसायला खोक्यासारखी, बसायला कडक, पण चेसिसवर उभी आहे आणि तिचा स्पेअर पार्ट तालुक्याच्या गावात मिळतो, फिटर तर गावातच असतो. केमचं कुंकू राज्यभर जातं ते छोट्या हत्तीतून आणि बोलेरोच्याच घराण्यातल्या पिकअपमधून. कुंकवाच्या कारखान्याबाहेर रोज उभ्या राहणाऱ्या एखाद्या पिकअपचा एअर फिल्टर उघडून बघा. आतला कागद गुलाबी झालेला असतो. अशा गाडीला कंपनीच्या पुस्तकातली फिल्टर बदलायची मुदत लागू होत नाही, निम्म्यातच फिल्टर झटकावा किंवा बदलावा लागतो. कच्च्या रस्त्याने शेतात जाणाऱ्या कारचंही तेच.

जमीन बघून वाहन करायची अक्कल आपल्या भागाला एका इंग्रज इंजिनिअरने शिकवून ठेवली आहे. बार्शी लाइट रेल्वे बांधताना एव्हरार्ड कॅलथ्रॉपने आधी रूळ किती भार पेलतील ते ठरवलं, प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त वजन पडणार नाही अशा बेताने इंजिनं आणि डबे करून घेतले, आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी अशी अडीच फुटी गाडी सुरू झाली. ती शंभर वर्षांहून जास्त चालली. कॅलथ्रॉपने लंडनमध्ये काय चाललंय ते बघून डबे मागवले नाहीत. आपण मात्र गुरुग्रामच्या हायवेवर काढलेला व्हिडिओ बघून केमसाठी गाडी बुक करतो.

सगळ्यात मोठी फसगत डिझेलमध्ये होते. शेतकऱ्याच्या घरात डिझेलची गाडी म्हणजे दमदार गाडी, हे समीकरण पक्कं बसलंय. एप्रिल २०२० पर्यंत ते बरोबरही होतं. तेव्हापासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर बसला. ही काजळी जाळून टाकायला गाडी अधूनमधून पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्या वेगाने पळावी लागते. आता आपली रोजची धाव बघा: घर ते मळा, मळा ते स्टेशन, पोरांना शाळेत सोडणं, दवाखाना, सोसायटी. दोन-तीन किलोमीटर गेली की बंद. फिल्टर भरत जातो, समोर पिवळा दिवा लागतो, आपण तो पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत ढकलतो, आणि एके दिवशी गाडी ओढायचीच सोडते. मग शोरूमला नेऊन मशीन लावून तो साफ करायचा, नाहीच झाला तर बदलायचा, आणि तो खर्च ऐकून डिझेलमध्ये वाचवलेले पैसे आठवतात. रोज टेंभुर्णी, बार्शी नाहीतर सोलापूर करणाऱ्याने डिझेल खुशाल घ्यावं. गावातल्या गावात फिरणाऱ्याने घेऊ नये, मग त्याच्या बांधावर कितीही ऊस उभा असो.

पेट्रोल घेतलं तर आपलाच ऊस टाकीत येतो. देशभर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि त्यातलं बरंचसं इथेनॉल आपल्यासारख्याच ऊसपट्ट्यातून जातं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्यासाठी तयार करून येतात. त्याआधीची जुनी गाडी घेत असाल तर नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच लिहिलं आहे की जुन्या बनावटीच्या चारचाकीचं मायलेज सहा-सात टक्के आणि दुचाकीचं तीन-चार टक्के घटू शकतं. तेवढं गृहीत धरूनच भाव करा, आणि इंधनाच्या रबरी नळ्या फिटरला दाखवा. इथेनॉल पाणी ओढतं, तेव्हा अर्धी टाकी भरून गाडी पावसाळाभर शेडमध्ये उभी ठेवायची सवय मोडायला हवी. सीएनजीबद्दल एवढंच: पंप तुमच्या रोजच्या वाटेवर असेल तर तिच्यासारखी स्वस्त गाडी नाही, वीस किलोमीटर वाकडं जाऊन रांग लावायची असेल तर सोडून द्या.

हे झालं चारचाकीचं. खरं म्हणजे या भागाचा रोजचा गाडा दुचाकीच ओढते. रात्रीची लाइट आली की मोटर चालू करायला माणूस मोटारसायकलवरच जातो. २०२०च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात नरभक्षक बिबट्याने तीन बळी घेतले तेव्हा तेवढे दिवस लोक रात्री एकटे बाहेर पडायला धजत नव्हते. बिबट्याला गोळी घातली आणि पुन्हा दुचाक्या बांधाबांधाने फिरू लागल्या. १९९४ सालापासून घराघरांत शिरलेली स्प्लेंडर आजही इथे राज्य करते ती पार्ट्स कुठेही मिळतात म्हणून. फक्त एक सांगतो. १२५ सीसीच्या वरच्या दुचाकीला एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, त्याखालच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोपी पद्धत चालते. रस्त्यावर सांडलेल्या उसाच्या वाढ्यांवर दव पडलं की चाक घसरतं, आणि तिथे अचानक ब्रेक दाबणाऱ्याला या दोन्हींतला फरक कळतो. रोज रात्री कारखान्याच्या रस्त्याने जाणाऱ्या पोराला दहा-पंधरा हजार जास्त घालून एबीएसवाली गाडी घेऊन द्या.

जुनी गाडी बघायला गेलात तर रंगाला भुलू नका, टायरजवळ खाली बसा. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. २३२० म्हणजे २०२० सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी आपल्या उन्हात पाच-सहा वर्षांत रबर तडकतं, नखाने दाबून बघा. बॅटरीचंही तसंच आहे: ती उन्हाळ्याने मरते आणि थंडीत कळते. म्हणून जुन्या गाडीचा सौदा दुपारी करू नये. मालकाला आदल्या रात्री गाडी उघड्यावर लावायला सांगा, सकाळी सहाला जा आणि पहिला सेल्फ स्वतः मारा. बॉनेटला हात लावून बघा. तुम्ही यायच्या आधीच गरम असेल तर चहा घ्या आणि परत या.

माझा कौल विचाराल तर केमच्या साध्या कुटुंबाला पेट्रोलची, चार मीटरच्या आतली, १७० च्या वर उंचीची आणि चांगल्या दिव्याची गाडी पुरे. ज्याला रोज माल ओढायचा आहे त्याला बोलेरो किंवा पिकअप. बाकीच्यांनी दुचाकीवर जास्त पैसे घालावेत. आणि नवी गाडी असो की जुनी, टेस्ट ड्राइव्ह भर दुपारी शोरूमसमोरच्या गुळगुळीत डांबरावर घेऊ नका. संध्याकाळी सातनंतर, तुमच्या रोजच्या रस्त्यावर, घरातली सगळी माणसं बसवून मागा. विकणारा नाही म्हणाला तर त्याच पैशात तीच गाडी देणारा दुसरा माणूस कुर्डुवाडीत, बार्शीत, अकलूजला सापडतो.